पाण्याची पावले आणि मेंदूचा नकाशा

आपल्याकडे आता पुष्कळ घरांत कपाटाच्या माथ्यावर एक मोठे पाकीट जपून ठेवलेले असते. हुबळीहून, धारवाडहून नाहीतर बेळगावहून आणलेले. त्यात एमआरआयच्या काळ्या फिल्म असतात आणि सोबत एक छापील अहवाल असतो. अहवाल इंग्रजीत, घरातले बोलणे मराठीत, शेजारपाजारचे कानडीत. त्यामुळे त्या पाकिटात काय लिहिले आहे हे घरात फारसे कोणी सांगू शकत नाही. माणूस बरा होतो किंवा जातो, पाकीट मात्र राहते. मेंदूच्या फिल्मवर चौकोनांच्या एका ओळीखाली बहुधा 'डीडब्ल्यूआय' अशी तीन अक्षरे असतात. या अक्षरांमागे जवळजवळ दोनशे वर्षांची हकीकत आहे. तीत राजे नाहीत, लढाया नाहीत. पाण्याचा रेणू कसा चालतो आणि कोठे अडतो, एवढीच ती हकीकत.

मी इतिहासाचा एम. ए.; विज्ञानाचा पदवीधर नव्हे. पण शिल्लक राहिलेल्या खुणांवरून, स्वतः न पाहिलेल्या गोष्टींविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हा प्रश्न वर्गात मांडण्यात ज्याची हयात गेली, त्याला या हकीकतीत रस वाटावा यात नवल नाही. येथेही साधने आहेत, साक्षी आहेत, आणि साक्षीचा अर्थ लावताना होणारी फसगतही आहे.

चकवा लागलेले पाणी

१८२७ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट ब्राउन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्किया नावाच्या फुलाचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. परागांतून पाण्यात उतरलेले अतिसूक्ष्म कण एकसारखे हलत होते. पाण्याला ओघ नव्हता, कोणी ते ढवळत नव्हते. कण सजीव असावेत अशी शंका येणे साहजिक होते. ब्राउनने मग काचेची, दगडाची, धातूची पूड करून पाहिली. इजिप्तमधल्या स्फिंक्सच्या दगडाचा कपचाही कुटून पाहिला. तीही पूड तशीच थरथरत होती. म्हणजे ही हालचाल जीवाची नव्हती. मग ती कशाची, याचा उलगडा व्हायला पाऊणशे वर्षे जावी लागली.

मध्यंतरी १८५५ साली आडॉल्फ फिक या झुरिकमधल्या तरुण शरीरशास्त्रज्ञाने, पाण्यात टाकलेला पदार्थ दाट भागाकडून विरळ भागाकडे किती वेगाने पसरतो याचा नियम गणितात बांधला. या पसरण्याला मराठी शास्त्रीय परिभाषेत 'विसरण' म्हणतात. नंतर १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवून दिले, की ब्राउनच्या कणांना धक्के देणारे पाण्याचे रेणूच आहेत आणि ते रेणू स्वतःही अखंड भटकत असतात. फ्रान्सच्या जाँ पेरँने प्रयोगशाळेत मोजमापे करून त्याला पुष्टी दिली आणि १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

आइन्स्टाइनच्या नियमातला एक मुद्दा पुढच्या साऱ्या कथेचा पाया आहे. सरळ रस्त्याने जाणारा माणूस चौपट वेळात चौपट अंतर जातो. पण रानात चकवा लागलेला वाटसरू दर पावलाला दिशा बदलतो, म्हणून तो चौपट वेळ चालला तरी मूळ जागेपासून सरासरी दुप्पटच दूर गेलेला असतो. पाण्याचा रेणू हा असा कायमचा चकवा लागलेला वाटसरू आहे. शरीराच्या उष्णतेला मोकळ्या पाण्यातला रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात सरासरी १७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सतरा भाग सरकतो. हे अंतर लहान खरे, पण मेंदूतल्या पेशींची आणि तंतूंची मोजमापेही याच पट्टीतली आहेत. एवढ्या प्रवासात रेणू कित्येक भिंतींवर आपटतो आणि वळसे घेतो. म्हणूनच मेंदूत त्याचे विसरण मोकळ्या पाण्याच्या सुमारे चौथाईच भरते. हा जो फरक पडतो, तो त्या भिंतींनी पाडलेला असतो. भिंती दिसल्या नाहीत तरी वाटसरूच्या रखडण्यावरून त्यांचा अंदाज बांधता येईल. प्रश्न उरला तो एवढाच, की जिवंत माणसाच्या कवटीआडचे हे रखडणे मोजायचे कसे?

१९५१ साल : बंगळूर आणि स्टॅनफर्ड

उत्तराची वाट भौतिकशास्त्रातून गेली. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांची केंद्रके इवल्या लोहचुंबकांसारखी वागतात. बलवान चुंबकात ठेवून रेडिओलहरींचा धक्का दिला, की ती भोवऱ्यासारखी झोके घेत फिरतात आणि क्षीण संकेत परत पाठवतात. चुंबकाचा जोर जितका अधिक, तितकी ही फिरकी जलद. १९४६ साली स्टॅनफर्डचे फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी हे स्वतंत्रपणे शोधून काढले. १९५२ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले.

याच काळातल्या आपल्या दोन माणसांची नावे येथे घेतली पाहिजेत. मराठीत ती क्वचितच वाचायला मिळतात. पहिले एस. एस. धर्मट्टी. आडनाव ऐकताच आपल्या जिल्ह्यांतल्या वाचकाचे कान टवकारतील. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह धर्मट्टी यांनी १९५१ साली दाखवून दिले, की साध्या मद्यार्काच्या रेणूतल्या हायड्रोजनचा संकेत एक नसून त्याचे तीन वेगळे तुरे दिसतात. केंद्रक कोणाच्या शेजारी बसले आहे त्यावर त्याचा सूर ठरतो. रसायनशास्त्राला रेणूची घडण वाचण्याचे जे साधन पुढे मिळाले, त्याच्या मुळाशी असलेल्या मोजक्या निबंधांत हा एक आहे. भारतात परतल्यावर धर्मट्टी यांनी होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपले धारवाड मुंबई राज्यातच होते, हेही येथे आठवायला हरकत नाही.

दुसरे जी. सूर्यन. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करताना त्यांनी, त्याच १९५१ साली, नळीतून वाहणाऱ्या पाण्यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. स्थिर पाण्यातली केंद्रके रेडिओलहरींच्या माऱ्याने जणू थकून जातात आणि संकेत मंदावतो. वाहत्या पाण्यात ताजी केंद्रके सारखी येत राहतात, म्हणून संकेत जोरकस मिळतो. पाण्याची हालचाल या संकेतात उमटते, हे बंगळूरमध्ये इतक्या लवकर पाहिले गेले होते. रक्तवाहिन्यांतला प्रवाह एमआरआयने दाखवण्याच्या कथेत सूर्यन यांचे नाव आजही आरंभालाच येते.

ओघाने वाहणे वेगळे आणि जागच्या जागी भटकणे वेगळे. सूर्यन यांनी पाहिले ते पहिले. आपला विषय दुसरा.

दोन घंटा

१९५० साली अर्विन हान या अमेरिकी शास्त्रज्ञाला असे आढळले, की दोन योग्य धक्के दिले असता विरून गेलेला संकेत थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत येतो. पण हा प्रतिध्वनी अपेक्षेहून क्षीण येई. त्यातली काही घट रेणूंच्या भटकण्यामुळे होते, हे हानने ओळखले होते. चुंबकाचा जोर सगळीकडे अगदी सारखा नसतो; रेणू जागा बदलतो तशी त्याच्या केंद्रकाची फिरकी बदलते आणि मेळ बिघडतो. प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने ही गळतीच. १९५४ साली कार आणि पर्सेल यांनी एकाच निबंधात ही गळती मोजण्याची रीत दिली आणि ती टाळण्याचीही. पुढे ज्या लोकांनी मोजण्याची रीत उचलली, त्यांच्यामुळे आपली ही कथा घडली.

१९६५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एडवर्ड स्टेस्कल आणि जॉन टॅनर यांनी ही गळती हुकमी करण्याची युक्ती काढली. ती समजून घ्यायला आपण शाळेच्या मैदानावर जाऊ.

प्रार्थनेसाठी मुले रांगांत उभी आहेत आणि सर्वांची तोंडे ध्वजाकडे आहेत. मी सांगितले आहे, की पहिल्या घंटेला प्रत्येकाने आपल्या रांगेचा जो क्रमांक असेल तितके अंश उजवीकडे वळायचे. दुसऱ्या घंटेला, त्या वेळी ज्या रांगेत असाल तिच्या क्रमांकाइतके अंश डावीकडे वळायचे. दोन घंटांच्या मध्ये कोणी जागा सोडली नाही, तर दुसऱ्या घंटेनंतर सगळी तोंडे पुन्हा ध्वजाकडे येतील. पण मधल्या वेळात मुले इकडेतिकडे सरकली, तर तिसऱ्या रांगेतून सातव्या रांगेत गेलेला मुलगा भलतीकडेच पाहत राहील. कोणता मुलगा कोठे गेला हे मला ठाऊक नाही. तरी किती तोंडे ध्वजाकडे उरली यावरून एकंदर किती हालचाल झाली हे मी व्यासपीठावरूनच सांगू शकतो.

स्टेस्कल आणि टॅनर यांच्या घंटा म्हणजे चुंबकाच्या जोराला क्षणभर दिलेला उतार. एका टोकाला जोर अधिक, दुसऱ्या टोकाला कमी, असे दोन झटके ठरावीक अंतराने द्यायचे. जागेवर राहिलेल्या रेणूंचा हिशेब शून्यावर येतो. सरकलेल्यांचा येत नाही आणि तेवढा संकेत घटतो. यात आणखी एक खुबी आहे. रांगा आडव्या मोजायच्या की उभ्या, हे घंटा वाजवणाराच ठरवतो. मुले मैदानाऐवजी लांबट व्हरांड्यात असतील, तर व्हरांड्याच्या लांबीच्या दिशेने ती पुष्कळ सरकतील, रुंदीच्या दिशेने भिंत आडवी येईल. उतार वेगवेगळ्या दिशांनी देऊन पाहिला, की व्हरांडा कोणत्या दिशेने गेला आहे हेही कळते.

ही नुसती उपमा नव्हे. १९७६ साली क्लीव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत पाण्याचे विसरण मोजले, तेव्हा तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते अधिक आणि आडव्या दिशेने कमी भरले. जिवंत ऊतीत पाण्याला दिशा असते, हे यावरून स्पष्ट झाले.

या विद्येचा धागा तेलाच्या विहिरींपर्यंतही जातो. सच्छिद्र खडकात अडकलेल्या द्रवाचे विसरण मोजून छिद्रांची घडण ओळखण्याचा प्रश्न तेल शोधणाऱ्यांपुढे होता. १९९२ साली पार्थ मित्र, पवित्र सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे गणित मांडले, त्याचा आधार मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनीही घेतला. खडकातली छिद्रे काय आणि पेशींमधल्या फटी काय, वाटसरूला अडवणारी भिंत दोन्हीकडे आहेच.

चित्र उमटू लागले

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या संकेतांतून चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली. या दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. चित्र आणि दोन घंटा यांची सांगड घालण्याचे प्रयत्न १९८५ च्या सुमारास एकाहून अधिक ठिकाणी चालू होते. त्यात पॅरिसच्या डेनी ल बिहाँ या तरुण डॉक्टरने जिवंत माणसाच्या मेंदूतल्या विसरणाची चित्रे काढून दाखवली. त्याने आधी यकृतातल्या गाठींवर हा प्रयोग करू पाहिला होता. पण श्वासाबरोबर यकृत हलते आणि मायक्रॉनांचे मोजमाप वाया जाते. मेंदू त्या मानाने स्थिर. तरीही डोके किंचित हलले तरी चित्र बिघडे. मॅन्सफिल्ड यांच्या झटपट चित्रणाची जोड मिळाल्यावर, १९९० नंतर, ही अडचण बरीच दूर झाली.

१९९० साली कॅलिफोर्नियात मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूवर केलेल्या अभ्यासातून दोन महत्त्वाच्या गोष्टी बाहेर आल्या. पहिली दिशेची. मेंदूच्या आतल्या बाजूला श्वेतद्रव्य असते; तेथे मज्जातंतूंच्या जुड्या एकमेकींना लागून धावतात. तेथे पाणी जुडीच्या लांबीने मोकळे फिरते, आडवे अडते. असे वाटत होते, की हे अडणे तंतूंवरच्या मायलिन या स्निग्ध वेष्टनामुळे असेल. पण १९९४ साली कॅनडाच्या ख्रिश्चन बोल्यू आणि पीटर ॲलन यांनी गारफिश या माशाच्या मायलिन नसलेल्या मज्जातंतूत पाहिले, तर तेथेही पाण्याला दिशा होतीच. तंतूंची स्वतःची पातळ आवरणे आणि त्यांची दाट, समांतर मांडणी एवढ्यानेही पाणी अडते. मायलिन त्यात भर घालते. म्हणजे चित्रात दिशेचे बळ कमी दिसले की लगेच 'मायलिन झिजले' असा निकाल देता येत नाही. साक्षीदार एक आणि कारणे अनेक, ही अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवी नाही.

एकाच रकान्याची अडचण

१९९४ साली अमेरिकेत पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी या दिशांचा हिशेब 'टेन्सर' नावाच्या गणिती साच्यात बसवला. मेंदूच्या चित्रातल्या प्रत्येक बारीक ठोकळ्यासाठी सहा आकडे काढायचे. त्यांतून एक आकार मिळतो. पाणी सगळीकडे सारखे फिरत असेल तर आकार चेंडूसारखा, एकाच दिशेने अधिक फिरत असेल तर काकडीसारखा. काकडीचे टोक जिकडे, तिकडे तंतूंची जुडी गेली असे धरायचे. डावी-उजवी दिशा तांबडी, मागची-पुढची हिरवी आणि खालची-वरची निळी, अशी रंगीत चित्रे मग निघू लागली. १९९९ च्या सुमारास एका ठोकळ्याच्या काकडीतून पुढच्या ठोकळ्याच्या काकडीत रेघ ओढत नेऊन तंतूंच्या वाटा संगणकावर आखण्याची पद्धत रूढ झाली. गाठ काढण्याआधी बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या वाटा कोठून गेल्या आहेत याचा अंदाज घ्यायला मेंदूचे शल्यचिकित्सक ती चित्रे पाहतात.

पण ठोकळ्याची बाजू साधारण दोन मिलिमीटर असते आणि तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एका ठोकळ्यात लाखो तंतू मावतात आणि टेन्सर त्या सर्वांच्या वतीने एकच उत्तर देतो. तंतूंच्या दोन जुड्या ठोकळ्यात एकमेकींना छेदून जात असतील, तर काकडीची होते भाकरी : चपटी, गोल, कोणतेच टोक नसलेली. अशा ठिकाणी दिशेचा आकडा घसरतो आणि न जाणणाऱ्याला वाटते, येथले तंतू खराब झाले. खरे म्हणजे तेथे दोन धडधाकट रस्ते असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार श्वेतद्रव्याच्या निम्म्याहून कितीतरी अधिक, कदाचित नव्वद टक्क्यांपर्यंत, ठोकळ्यांत असे छेद असतात. ज्याला अपवाद समजले, तोच नियम निघाला.

हे वाचताना मला शाळेच्या प्रवेश-अर्जातला 'मातृभाषा' हा रकाना आठवला. रकाना एक, जागा एका शब्दाची. आई कानडी बोलते, आजी मराठी बोलते, मूल दोन्ही बोलते. आणि पालक लेखणी हातात धरून विचारात पडतात. अशा मुलाची परीक्षा एकाच भाषेत घेतली आणि गुण कमी पडले, की शेरा मिळतो 'भाषा कच्ची'. दोन रस्ते छेदतात त्या जागी सरासरी काढली की दोन्ही रस्ते पुसले जातात. सीमेवरच्या आपल्या घरांना हे गणित न शिकता कळते. शास्त्रज्ञांना त्यावर उपाय काढावा लागला तो असा, की सहाऐवजी कितीतरी अधिक दिशांनी घंटा वाजवून एकाच ठोकळ्यात दोन-तीन दिशा ओळखायच्या. २००० नंतर अशा रीती पुष्कळ निघाल्या. काहींत पेशीच्या आतले पाणी आणि बाहेरचे पाणी यांचा वेगळा हिशेब मांडतात, काहींत तंतूंच्या जाडीचाही अंदाज घेतात.

तरीही नकाशा तो नकाशाच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, उत्तर आधीच ठाऊक असलेली कृत्रिम सामग्री वीस संशोधक गटांना दिली गेली. त्यांच्याकडून आलेल्या ९६ नकाशांत खऱ्या वाटा बहुतेक सापडल्या होत्या, पण अस्तित्वात नसलेल्या वाटा खऱ्यांपेक्षा जास्त आखल्या गेल्या होत्या. मासिकांत छापून येणारी मेंदूतल्या रंगीबेरंगी तारांची सुंदर चित्रे पाहताना हे लक्षात ठेवावे. तो तंतूंचा फोटो नव्हे. पाण्याच्या रखडण्यावरून केलेला तो तर्क आहे.

काळनिश्चिती

मोझली यांच्या मांजरांकडून कळलेली दुसरी गोष्ट आपल्या घरांच्या अधिक जवळची. मेंदूची एक रक्तवाहिनी बंद केल्यावर नेहमीच्या एमआरआय चित्रात दोन-तीन तास काहीच दिसत नव्हते. विसरणाच्या चित्रात मात्र पाऊण तासातच तो भाग उठून दिसला. रक्त थांबले की पेशीची शक्ती काही मिनिटांत संपते, क्षार बाहेर फेकणारे तिचे पंप बंद पडतात, क्षारांमागून पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. पेशींच्या मधली जागा एरवी मेंदूच्या सुमारे पाचवा हिस्सा असते; ती आकसते आणि तेथल्या पाण्याच्या वाटा चिंचोळ्या होतात. पाण्याची चाल एकदम मंदावते. यातले कोणते कारण किती, याबद्दल तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे. पण चाल मंदावते हे निश्चित. पाणी हलले नाही तेथे संकेत घटत नाही, म्हणून फिल्मवर ती जागा पांढरी दिसते. पाकिटातल्या 'डीडब्ल्यूआय' ओळीचा अर्थ हा. (जुन्या विकाराची जागाही कधी पांढरी दिसते, म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीचा दुसरा नकाशा पाहिल्याशिवाय बोलत नाहीत.)

लकवा हा शब्द आपल्याकडे मराठी आणि कानडी दोन्ही घरांत चालतो. त्यावरचे घरगुती उपायही दोन्हीकडे सारखेच : तेलाचे मालिश, अंगारा, कबुतराचे रक्त चोळणे. उपाय सुचवणाऱ्याच्या मनात माया असते. पण वेळ तेवढ्यातच जातो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग पहिल्या तीन तासांत होतो, असे १९९५ साली सिद्ध झाले. २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. अर्थात आत रक्तस्राव झालेला नाही हे आधी पाहावे लागते आणि त्यासाठी बहुधा सीटी स्कॅनच प्रथम होतो.

पण जो रात्री धडधाकट झोपला आणि सकाळी लुळा होऊन उठला, त्याचे साडेचार तास कोठून मोजायचे? येथे प्रश्न शुद्ध इतिहासाचा होतो : घटना केव्हा घडली? नाण्यावर सन नसेल तर आपण लिपीवरून, धातूवरून काळ ठरवतो. डॉक्टरांनीही तसेच केले. विसरणाचे चित्र लवकर बदलते. 'फ्लेअर' नावाचे दुसरे चित्र काही तासांनी बदलते. पहिल्यात डाग दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, तर घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. या तर्कावर युरोपात ५०३ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्यांत शंभरापैकी सुमारे ५३ जण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झाले, न मिळालेल्यांत सुमारे ४२. औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका काहीसा वाढला, हेही त्यात नमूद आहे. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तार घालून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करता येतो, हे त्याच सुमारास दिसून आले.

आमच्या अक्काचे यजमान, आमचे दाजी, धारवाडपासून तासाभराच्या अंतरावर गावी राहतात. २०१९ च्या संक्रांतीनंतर एका पहाटे ते उठले तेव्हा उजवा हात उचलेना आणि शब्द फुटेना. मालिशवाल्याला बोलावणे गेले, मग गावच्या डॉक्टरांना, मग गाडी शोधणे. मला शाळेत निरोप पोचला तेव्हा मधली सुट्टी झाली होती. हुबळीत तपासणी होईपर्यंत दुपार टळली. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी लावून दाखवली. डाग विसरणाच्या चित्रात होता आणि फ्लेअरमध्येही स्पष्ट होता. गुठळी विरघळवण्याची वेळ निघून गेली होती आणि तार घालण्याजोगी ती गुठळी नव्हती. दाजी वाचले, बोलणे बरेचसे परत आले. सही मात्र आता डाव्या हाताने करतात.

त्या दिवशी डॉक्टरांनी अक्काला पहिला प्रश्न विचारला तो कानडीत : हे शेवटचे नीट दिसले ते किती वाजता? तिला नक्की सांगता आले, कारण रात्री बाराच्या सुमारास ते पाणी प्यायला उठले होते आणि तिच्याशी बोलले होते. दवाखान्याच्या कागदावर रुग्णाच्या नावानंतर पहिली नोंद झाली ती त्या वेळेची. यंत्र कितीही महागडे असले तरी त्याच्या साक्षीला घरच्या माणसाच्या साक्षीची जोड लागते.

म्हणून दहावीच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा भाग शिकवताना मी आता ताम्रपट आणि बखरींच्या जोडीला हे एक साधन सांगतो. घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर आधी भिंतीवरच्या घड्याळात पाहा आणि माणूस शेवटचा नीट केव्हा होता ती वेळ कागदावर लिहा. मालिशवाल्याची वाट पाहू नका. तो कागद आणि माणूस दोन्ही घेऊन मोठ्या दवाखान्याचा रस्ता धरा. मुले ते वहीत उतरवून घेतात, काही मराठीत, काही कानडीत.